चर्चसाठी लाउडस्पीकर : शब्द आधी की सूर?

चर्चमध्ये लाउडस्पीकर बसवायचा तर आधी इमारत मोजावी लागते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवरची जुनी चर्चे पाहावीत. लांबट, उंच सभागृह, जाड दगडी भिंती, बहुतेकांवर चुन्याचा गिलावा, खाली फरशी, समोर सोनेरी मुलाम्याची कोरीव वेदी. यात आवाज शोषून घेणारे जवळजवळ काहीच नसते. उच्चारलेला शब्द भिंतीभिंतींवरून परतत काही सेकंद रेंगाळतो. आवाज थांबल्यापासून त्याची पातळी ६० डेसिबलने खाली येईपर्यंतचा वेळ म्हणजे निनादकाल. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात प्रयोग करून त्याचे सूत्र बसवले. घनफळ वाढले की निनादकाल वाढतो, शोषण वाढले की घटतो.

४० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच असे एक चर्च हिशेबासाठी घेऊ. त्याचे घनफळ ५,७६० घनमीटर होते. रिकामे असताना त्याचा निनादकाल ४ सेकंद धरला, तर सॅबिनच्या सूत्राप्रमाणे त्यातले एकूण शोषण सुमारे २३० चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतके भरते. बाकावर बसलेला एक माणूस मधल्या पट्टीच्या आवाजासाठी अर्ध्या चौरस मीटरच्या जवळपास भर घालतो. ५०० भाविक आले की शोषण साधारण दुप्पट होते आणि निनादकाल दोन सेकंदांवर येतो. ध्वनीच्या दृष्टीने रविवार सकाळचे चर्च आणि मंगळवार संध्याकाळचे चर्च या दोन वेगळ्या वास्तू आहेत. यंत्रणा निवडायची ती मंगळवारच्या वास्तूसाठी.

बोलणे नीट कळायला एक सेकंदाच्या आसपासचा निनाद सोयीचा. समूहगायनाला आणि ऑर्गनला दोन-तीन सेकंदही कमीच वाटतात. पूर्वी हा झगडा फारसा जाणवत नसे. मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, लॅटिनमध्ये होई आणि गायकवृंद मुख्य दरवाज्यावरच्या सज्जातून गाई. त्या गाण्याला इमारतच भरदार करी. शब्दन् शब्द कळायला हवा असे एक प्रवचनच होते आणि ते वेदीपासून होतही नसे. धर्मगुरू सभागृहाच्या बाजूच्या भिंतीला जोडलेल्या उंच पुल्पिटवर चढत. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकात असे कोरीव पुल्पिट आजही आहे. त्याच्यावरचे लाकडी छत शोभेचे दिसले, तरी वर जाणारा आवाज खाली लोकांकडे वळवण्याचे कामही ते करते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत मिस्सा लोकभाषेत आली, वेदी लोकांसमोर झाली, वाचने सामान्य भाविक करू लागले. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत तर आधुनिक तांत्रिक साधनांच्या मदतीने भाविकांना विनासायास ऐकू यावे, याची काळजी घ्यायला सांगितले आहे. चारशे वर्षांपूर्वी बांधलेल्या वास्तूवर शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द पोहोचवण्याची जबाबदारी अशी उशिरा येऊन पडली.

धर्मग्रामाच्या समितीत लाउडस्पीकरचा विषय निघाला की दोन बाजू हमखास समोरासमोर येतात. एका बाजूला गायनप्रमुख, दुसऱ्या बाजूला ध्वनितंत्रज्ञ.

गायनप्रमुख : वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन दणदणीत टॉप आणि खाली दोन बेस ठेवा, विषय संपला. सणाला आपण भाड्याने तेच आणतो, त्या दिवशी एकही तक्रार येत नाही. भिंतीवरच्या या अरुंद कॉलममधून कीबोर्ड ऐकलात का कधी? नुसता चिरका.

ध्वनितंत्रज्ञ : सणाला तक्रार येत नाही, कारण त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. निम्मा निनाद माणसेच शोषून घेतात. तेच बॉक्स एखाद्या साध्या वारी, चाळीस माणसांच्या मिस्सेला लावून पाहा. मागे बसलेल्या आजींना प्रवचन कोणत्या संताविषयी होते तेही सांगता येणार नाही.

गायनप्रमुख : मग वॅट वाढवू. कमी पडत असतील.

वॅटचा आकडा दुकानात फार बोलका असतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर ९० डेसिबल देणारा साधा लाउडस्पीकर घेतला, तर अंतर दुप्पट होईल तसतसे ६ डेसिबल घटून १६ मीटरवर त्याचा थेट आवाज ६६ डेसिबल राहतो. दहा वॅट दिले की ७६. शांत चर्चमध्ये बोलण्याला एवढा पुरतो, आणि शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर असला तर चढ्या सुरासाठी आणखी १० डेसिबल हाताशी राहतात. शक्ती दुप्पट केल्याने पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते, कानाला हा फरक थोडकाच वाटतो.

वॅट वाढवून शब्द कळत नाहीत याचे खरे कारण वेगळे आहे. बाकावर दोन आवाज पोहोचतात : लाउडस्पीकरकडून सरळ आलेला आणि भिंती-छतावरून फिरून आलेला. सरळ आवाज अंतरागणिक घटतो, घुमणारा मात्र सभागृहभर जवळपास सारखाच राहतो. दोन्ही जिथे बरोबरीचे होतात त्या अंतराला क्रांतिक अंतर म्हणतात. वर घेतलेल्या रिकाम्या चर्चमध्ये सर्व दिशांना सारखा आवाज फेकणाऱ्या स्रोतासाठी ते अवघे २.१५ मीटर भरते. त्यापुढे घुमण्याचेच राज्य. आवाजाचे बटण फिरवले की दोन्ही एकत्रच वाढतात, त्यांचे परस्पर प्रमाण तसेच राहते. त्यात व्यंजनांचे हाल होतात. बोलण्यातली बहुतेक ऊर्जा स्वरांत असते आणि अर्थ वेगळा करणारी व्यंजने क्षीण व क्षणिक असतात. मागच्या अक्षरातला स्वर घुमत राहून पुढच्या अक्षरातले व्यंजन झाकतो. नेदरलँड्सचे पॉइट्झ यांनी १९७१ साली सुगमता मोजण्याची जी पद्धत मांडली, ती याच व्यंजनहानीवर उभी आहे. शंभरातली पंधराहून अधिक व्यंजने हुकली की ऐकणे कष्टाचे होते, असा त्यातला ढोबळ दंडक.

हाती उपाय राहतो तो दिशेचा. तोच आवाज दहापट एकवटून लोकांकडे फेकणारा लाउडस्पीकर लावला, तर क्रांतिक अंतर २.१५ मीटरवरून ६.८ मीटरवर जाते. लाउडस्पीकर पारखताना तो किती जोरात वाजतो याआधी छताकडे, रिकाम्या भिंतीकडे आणि वेदीमागे तो किती कमी वाजतो हे विचारावे. माहितीपत्रकात या आकड्यांचा तक्ता बहुधा शेवटच्या पानावर असतो, आणि नसेल तर तो लाउडस्पीकर चर्चसाठी घेऊ नये.

गायनप्रमुख : टॉपमध्येही भोंगा असतोच की. नव्वद अंश आडवा, साठ अंश उभा, असे त्यावर छापलेले असते.

ध्वनितंत्रज्ञ : ते साधारण हजार हर्ट्झच्या वरचे खरे. आवाजाला दिशा द्यायची तर साधन त्याच्या तरंगलांबीएवढे तरी मोठे हवे. हजार हर्ट्झची तरंगलांबी पस्तीस सेंटिमीटर, अडीचशेची जवळजवळ एक मीटर चाळीस. हातभर रुंदीचा भोंगा अडीचशेला काय दिशा देणार? पुरुषाच्या आवाजाचा भरणा तिथेच असतो. तो सगळा छतात जातो आणि गडगडत खाली येतो.

गायनप्रमुख : आणि कॉलम?

ध्वनितंत्रज्ञ : कॉलममध्ये छोटे लाउडस्पीकर एकावर एक रचलेले असतात. समोर त्यांचा आवाज एकमेकांना मिळतो, वर-खाली एकमेकांना काटतो. दोन मीटर उंचीचा कॉलम पावणेदोनशे हर्ट्झपासूनच उभ्या दिशेने आवाज आवरू लागतो. पाऊण मीटरचा मात्र साडेचारशेच्या खाली काहीच आवरत नाही. तुम्ही ज्याला चिरका म्हणता तो हाच आखूड कॉलम.

या युक्तीची मोठी कसोटी १९५१ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये लागली. तिथला निनादकाल रिकाम्या स्थितीत दहा सेकंदांहून अधिक होता. बिल्डिंग रिसर्च स्टेशनचे पार्किन आणि टेलर यांनी उंच कॉलम बसवले आणि मागच्या कॉलमना आवाज उशिरा पोहोचेल अशी योजना केली. तेव्हा डिजिटल काही नव्हते. चुंबकीय लेप दिलेल्या फिरत्या चाकावर आवाज नोंदवायचा आणि पुढे ठरावीक अंतरावरच्या वाचकांनी तो उचलायचा, असा तो विलंब होता. जर्मनीत हेल्मुट हास यांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते की, तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर कान दिशा ठरवताना पहिल्यावर विसंबतो, दुसरा थोडा मोठा असला तरीही. त्यामुळे जवळचा कॉलम बोलत असतानाही आवाज वेदीकडून आल्याचा भास टिकतो. तो फरक तीसेक मिलिसेकंदांच्या पुढे गेला की आवाज फाटू लागतो आणि आणखी वाढला की चक्क दोनदा ऐकू येतो.

गायनप्रमुख : आपल्याकडे खांबाखांबावर आठ कॉलम आहेतच. तरी कळत नाही, त्याचे काय?

हा प्रश्न नेमका आहे. भारतातल्या कितीतरी चर्चमध्ये हेच चित्र दिसते. एका मिक्सर अ‍ॅम्प्लिफायरवर १०० व्होल्टच्या लाइनने जोडलेले आठ-दहा आखूड कॉलम, सगळे एकाच क्षणी बोलणारे. १०० व्होल्टची लाइन ही सोय चांगली. लांब वायरवर शक्ती फारशी वाया जात नाही आणि प्रत्येक कॉलमला हवी तेवढी पातळी देता येते. पण विलंब नसल्याने मागच्या बाकावरच्या माणसाला डोक्यावरचा कॉलम आधी ऐकू येतो आणि ३० मीटर पुढचा त्यानंतर ८७ मिलिसेकंदांनी. वर आणखी एक तोटा आहे. दुरून वाजणारा प्रत्येक कॉलम त्या ऐकणाऱ्यासाठी नुसता निनादच वाढवतो. सारखे वाजणारे लाउडस्पीकर दुप्पट केले की घुमणारा आवाज ३ डेसिबलने चढतो, सरळ आवाज मात्र तेवढाच राहतो.

ध्वनितंत्रज्ञ : म्हणून आठ काढा आणि चार लावा. वेदीच्या कमानीलगत दोन लांब कॉलम, मध्यावर, साधारण अठरा मीटरवर, आणखी दोन. मागच्या जोडीला बावन्न मिलिसेकंद प्रवासाचे आणि दहा-पंधरा वर, एवढा विलंब. पातळीही पुढच्यांपेक्षा जरा उतरती.

गायनप्रमुख : आठाऐवजी चार, आणि किंमत तिप्पट. समितीत कोणी ऐकणार नाही.

गायनप्रमुखांचा हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. प्रत्येक छोट्या लाउडस्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि संगणकीय नियंत्रण असलेले, आवाजाचा झोत इलेक्ट्रॉनिक रीतीने खाली वळवणारे कॉलम फार महाग पडतात. ते भिंतीला सरळ चिकटून बसतात आणि पुढे झुकलेले दिसत नाहीत, वारसा इमारतीत एवढ्यासाठीही ते घेतले जातात. पण आवाज वळवण्यासाठी नेहमीच संगणक लागतो असे नाही. दोन मीटरचा साधा निष्क्रिय कॉलम योग्य उंचीवर, थोडा खाली झुकवून आणि आतल्या बाजूला वळवून लावला, तर मध्यम आकाराच्या चर्चचे काम भागते. विलंबाला वेगळे मोठे यंत्रही आता लागत नाही, बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ती सोय अंगचीच असते. उरलेले पैसे चांगल्या मायक्रोफोनवर घालणे शहाणपणाचे.

किमतीपेक्षा अवघड आक्षेप आडव्या पसरटीचा आहे. कॉलम उभ्या दिशेने आवाज आवरतो, आडवा मात्र सव्वाशे-दीडशे अंशांत पसरू देतो. १२ मीटर रुंदीच्या सभागृहात तो समोरच्या भिंतीवर आपटतोच. वेदीच्या दोन्ही बाजूंच्या जोडीत आणखी एक दोष असतो. मध्यरेषेपासून सरकून बसलेल्या माणसाला दोन्हीकडचा आवाज वेगवेगळे अंतर कापून मिळतो. फरक अर्ध्या मीटरचा असेल तर साडेतीनशे हर्ट्झच्या जवळ आवाज एकमेकाला खातो आणि वर तसेच खड्डे पडत जातात. वेदीच्या कमानीवर मधोमध टांगलेला लाउडस्पीकरांचा एकच दिशादर्शी गुच्छ या दोन्ही दोषांतून सुटतो. पण तो क्रुसाच्या आणि कोरीव वेदीच्या नेमका आड येतो. नव्या, पंख्याच्या आकाराच्या चर्चमध्ये तो उत्तम, जुन्या गोवन वास्तूत डोळ्यांना असह्य. भिंतीवर पुल्पिट असलेल्या चर्चमध्ये मधली जोडी त्याच्या पातळीवर लावावी. ती जागा जुन्या बांधणाऱ्यांनी कानाने शोधली होती.

छतात लावायचे गोल लाउडस्पीकर हा पर्याय हॉटेलांमुळे लोकांच्या मनात असतो. १२ मीटर उंचीवरून तो क्रांतिक अंतराच्या कितीतरी बाहेर पडतो. अशा चर्चमध्ये त्याचा विचारही नको.

गायनप्रमुख : समजा, शब्दांचे सगळे मान्य केले. पण मिस्सेत निम्मा वेळ गाणे असते. ते गाणे कोरडे, कॉलममधून गाळून आलेले ऐकायचे का? लोक गायला उठतात ते ताल आणि बेस अंगाला लागला की.

ध्वनितंत्रज्ञ : लोक गायला उठतात ते शेजारचा गातोय हे ऐकू आले की. वरून लाउडस्पीकरने दाबून टाकले तर ते उठत नाहीत, ऐकत बसतात.

या चकमकीत पारडे गायनप्रमुखांकडे थोडे झुकते. चर्चचा निनाद समूहगायनाला धन आहे आणि त्याच्यावर ध्वनिशोषक पडदे लादणे ही वास्तूची नासाडी ठरेल. सज्जातून गाणाऱ्या गायकवृंदाला जवळपास काहीच प्रवर्धन लागत नाही, इमारत ते करते. अडचण सुरू होते ती वृंद वेदीजवळ आल्यावर, गिटार-कीबोर्डसह. कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो, त्याला पूर्ण पट्टीचा लाउडस्पीकर लागतोच. त्यामुळे दोन वेगळ्या वाटा करणे योग्य. बोलण्याचे मायक्रोफोन फक्त कॉलमकडे जावेत आणि त्यांतला १५० हर्ट्झच्या खालचा भाग मिक्सरमध्येच कापावा. वाद्यांसाठी गायकवृंदाजवळ एक-दोन पूर्ण पट्टीचे बॉक्स असावेत, पहिल्या निम्म्या सभागृहापुरते, हलक्या पातळीवर. बेस हवाच असेल तर याच वाटेवर एक. तो बोलण्याच्या वाटेवर कधीही नको. मंदपट्टीच्या आवाजाचा निनाद सर्वांत जास्त टिकतो आणि ५०० माणसेही तो फारसा शोषत नाहीत.

आरास म्हणून तीन-चार लहान बॉक्स टांगून त्याला ‘लाइन अ‍ॅरे’ म्हणण्याची सध्या हौस आहे. पूर्ण रांग काही मीटर लांब असेल तरच ती मंदपट्टी आवरते. मीटरभराची रांग म्हणजे महागडा आखूड कॉलम.

गायनप्रमुख : शिट्टीचे काय? वाचनपीठावर मुले दूर उभी राहून वाचतात, आवाज चढवला की माइक बोंबलतो.

शिट्टी लाउडस्पीकरच्या निवडीशीच बांधलेली आहे. लाउडस्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की ती उठते. वेदीमागे लावलेला किंवा मागेही आवाज टाकणारा बॉक्स तिला आवतण देतो. लाउडस्पीकर नेहमी मायक्रोफोनच्या पुढे, लोकांच्या बाजूला असावा. तोंड आणि मायक्रोफोन यांतले अंतर निम्मे केले की ६ डेसिबल हाती येतात, आणि उघडे मायक्रोफोन दुप्पट झाले की ३ डेसिबल जातात. वेदी, वाचनपीठ, गायकवृंदाचे चार आणि कॉलरचा एक असे सातही मायक्रोफोन मिस्सा संपेपर्यंत उघडे ठेवणे ही सर्वत्र दिसणारी खोड, आणि ती मोडायला काहीच खर्च येत नाही.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी आड येतात. एक, पंखे आणि उघड्या खिडक्या. बोलणे आजूबाजूच्या गोंगाटाच्या १५ डेसिबल वर असले तर गोंगाटाचा त्रास जवळपास संपतो. एप्रिलमधले सगळे पंखे आणि जुलैमधला कौलांवरचा पाऊस धरून पातळीचा हिशेब करावा. दोन, खारी हवा. लाउडस्पीकरमधले कागदी पडदे ओल धरतात, साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात. प्रक्रिया केलेले पडदे आणि स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट मागावेत. जुन्या गोव्यातली चर्चे १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथली प्रमुख स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहेत. तिथे भिंतीला एक भोक पाडायलाही परवानगी लागते, म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहणारे कॉलम बरे पडतात.

खरेदीआधी विक्रेत्याकडून कॉलमची एक जोडी दोन दिवसांसाठी मागून घ्यावी. रिकाम्या चर्चमध्ये एका वाचकाने अनोळखी नावांचा उतारा वाचावा आणि समितीने बाकाबाकावर बसून ऐकलेली नावे लिहावीत. ओळखीची प्रार्थना यासाठी निरुपयोगी, ती सर्वांना पाठ असल्याने न ऐकताही कळते. मोजमाप करायचेच तर बोलण्याच्या सुगमतेचा निर्देशांक मोजता येतो. तो ० ते १ असतो, ०.५ च्या खाली बाके असू नयेत आणि ०.६ मिळाला तर यंत्रणा चांगली.

ध्वनितंत्रज्ञ : एक राहिले. दाराबाहेरचे भोंगे.

गायनप्रमुख : नाताळला अंगण भरते. ते हवेतच.

ध्वनितंत्रज्ञ : हवेत, पण वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर आणि वेगळ्या विलंबावर.

अंगणातली व्यवस्था कायद्याखालीही येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो फक्त बंद जागेत, आतल्या लोकांपुरता वाजवता येतो. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर पातळी परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी कमी असेल तिच्या वर जाता कामा नये. त्यासाठी दारावर एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा अंगणात माणसांच्या डोक्यावर खाली झुकलेले चार लहान लाउडस्पीकर लावावेत. हद्दीपलीकडे कमी आवाज जातो, खुर्चीवर जास्त पोहोचतो. एरवीच्या दिवशी त्यांची लाइन स्वतंत्र स्विचने बंद ठेवता येते.